अकरा फुटांवर अकरा

"मग इतकी वर्षं कॅमेरा तांदळात ठेवत आले, ते चुकलंच का?"

काकूंनी हे विचारलं तेव्हा माझ्या एका हातात टॉर्च होता आणि दुसऱ्या हातात त्यांच्या यजमानांचा याशिका मॅट. कॅमेऱ्याची पाठ उघडलेली, शटर 'बी'वर, म्हणजे दाबू तेवढा वेळ उघडं राहील असं, दाबून धरलेलं, आणि मी लेन्समधून आरपार बघत होतो. डोळा न हलवता मी उत्तर दिलं, "तांदळाने काही होत नाही हो काकू. दमट हवेपुढे तांदूळ काय करणार? उलट त्याचं पीठ आत जातं." एवढ्यावर न थांबता सिलिका जेलचंही सांगितलं, निळे दाणे गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, पुन्हा निळे होतात. त्या "हो का" म्हणाल्या. पदराने झोपाळ्याची कडी उगाचच पुसली आणि चहा टाकायला आत गेल्या.

गोष्ट देवरूखची. गणपती नुकतेच गेले होते, पाऊस सरत आला होता. काका जाऊन सहा वर्षं झाली होती आणि आता मुलगा काकूंना ठाण्याला न्यायचं म्हणत होता. घर आवरताना फोटो स्टुडिओचं सामान निघालं, त्याची किंमत करायला ओळखीतल्या ओळखीतून मला बोलावलं होतं. मी कोल्हापूरचा. जुने कॅमेरे तपासून देणं हा माझा धंदा नाही, पण गेली वीसेक वर्षं लोक मला विचारतात आणि मी जातो. त्या दिवशी आंबा घाट उतरून, साखरप्यावरून देवरूखला पोहोचलो तर पडवीत सतरंजीवर सगळं आधीच मांडून ठेवलेलं. याशिका मॅट १२४ जी. चामड्याच्या केसमधला पेंटॅक्स के १०००. व्हिविटार २८३ फ्लॅश, त्याची गुंडाळी करून रबराने बांधलेली लांब वायर. डार्करूमचा लाल दिवा. आणि उटीच्या कारखान्यातल्या 'इंदू' ब्रोमाइड पेपरचं अर्धं रिकामं पाकीट, जे बघून मला उगीचच भरून आलं.

मी पेंटॅक्सपासून सुरुवात केली. केसचं बटण उघडताच ओल्या चामड्याचा आंबूस वास आला आणि आत काय असणार ते कळलं. लेन्स सरळ उजेडात धरली तर नेहमी स्वच्छच दिसते. खरं दिसतं ते टॉर्च मागून तिरका मारल्यावर. बुरशी होती, आणि कडेला नाही, थेट मध्यावर, जाळी पडलेल्या पिंपळपानासारखी पसरलेली. ही बुरशी नुसती बसत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं आणि काचेवरचा लेप खाऊन टाकतं. पुसली तरी व्रण राहतो. पाठ उघडली तर उजेड अडवणारा फोम डांबर होऊन बोटाला लागला. पांढऱ्या भिंतीकडे धरून सेकंदाच्या हजाराव्या भागावर शटर दाबलं तर चौकटीची एक बाजू काळी. शटरचे दोन पडदे एका वेगाने धावत नव्हते. मग मॅट. वरच्या, बघायच्या लेन्सच्या कडेला बुरशीचा एकच धागा, भुवईच्या केसाएवढा. खालची, फोटो काढायची लेन्स जवळपास स्वच्छ. प्रकाश मोजणारा मीटर बंद, त्याला लागणारा पाऱ्याचा १.३५ व्होल्टचा सेल आता मिळत नाही आणि जुना आतच फुटून हिरवा झालेला. आरसा धुरकट, कातडं एका कोपऱ्यात सुटलेलं. शटर एका सेकंदावर ठेवून कानाशी धरलं. घर्रर्र... टक. वहीत लिहिलं : एक सेकंद बरोबर.

फ्लॅशच्या पोटात चार पेन्सिल सेल वितळून बसले होते. लागायचा प्रश्नच नव्हता. आणि लागला असता तरी कोण घेणार? सुरुवातीच्या जपानी २८३ मध्ये कॅमेऱ्याला जोडायच्या टोकावर दोनशेच्या वर व्होल्ट असतात. काही डिजिटल कॅमेरे सहा व्होल्टच्या पुढे सोसत नाहीत. लावला तर कॅमेरा जायचा. इतक्यात मुलाचा फोन आला. काकूंनी तो स्पीकरवर टाकला आणि मी सवयीने एकेक दोष वाचत गेलो. पेंटॅक्सपुढे आकडा, मॅटपुढे आकडा. "आणि फ्लॅश?" त्याने विचारलं. "त्याचं काही येणार नाही," मी म्हणालो आणि वहीत फ्लॅशपुढे आडवी रेघ मारली. काकू समोरच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या वहीकडे नाही, त्या वायरच्या गुंडाळीकडे बघितलं.

निघताना त्यांनी आमसुलांची पुडी दिली. मॅटमध्ये एक रोल घालून बघतो म्हणून तो मी बरोबर घेतला होता. काकू गाडीपर्यंत आल्या आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला फ्लॅश खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. "हा पण न्या. विकायला नको. नुसता लागतो का, तेवढं बघा."

घाटात धुकं होतं. समोरच्या एसटीचे लाल दिवे तेवढे दिसत होते आणि त्यांच्यामागे मी चढत होतो. काकूंचा प्रश्न डोक्यातून जाईना. माझं उत्तर बरोबर होतं, याची मला खात्री होती. पण एखाद्या बाईने तीस-चाळीस पावसाळे केलेल्या कामाला मी डोळा न काढता 'काही होत नाही' म्हणालो होतो, आणि ते बरोबर असण्याने काही हलकं होत नव्हतं. अर्धा घाट चढल्यावर मात्र दुसरंच काहीतरी टोचायला लागलं.

एक सेकंद बरोबर कसा?

बिनवापराच्या मॅटचा एक सेकंद बरोबर नसतो. या कॅमेऱ्यात शटर लेन्सच्या आत असतं, पातळ पात्यांचं, आणि संथ वेगांसाठी त्यात चिमुकल्या दातेरी चाकांची साखळी. तेल घट्ट झालं की पहिल्यांदा तीच अडते. मी आजवर कपाटातून निघालेले जेवढे मॅट कानाला लावले, त्यांतले बहुतेक एका सेकंदावर दीड-दोन सेकंद रखडले, काही तर मध्येच थांबले. हा कॅमेरा काकांनी सत्तरच्या दशकाच्या शेवटी मुंबईत, फोर्टातल्या बोरा बाजारातून घेतलेला, आणि गेली वीस वर्षं त्यात रोल पडला नव्हता. वर कोकणातली हवा. जुलैत तिथे हवेतलं पाणी नव्वद टक्क्यांच्या आसपास असतं, आणि बुरशीला साठ-पासष्ट पुरतात. एकाच घरातले, तेच पावसाळे काढलेले दोन कॅमेरे माझ्यासमोर होते. एक जाळीने भरलेला, दुसरा जवळपास स्वच्छ. मी दोघांचे दोष नीट लिहून घेतले. दोघांत फरक का, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

मला हे काम शिकवलं ते महाद्वार रोडमागच्या गल्लीतल्या एका मिस्त्रींनी. लाकडी जिना, वर एक खोली, रॉकेलसारखा एक वास आणि खिडकीला टेकवलेलं टेबल. कॉलेजात असताना मी तिथे तासन्‌तास बसायचो. मिस्त्री कॅमेरा हातात घेतल्यावर लगेच उघडत नसत. आधी तो तळहातावर तोलायचे, मग बोटांनी सगळीकडून चाचपायचे, मग गिऱ्हाइकाला विचारायचे, "कोण वापरत हुतं? कुठं ठिवला हुता?" गिऱ्हाईक वैतागायचं. मिस्त्री ऐकत राहायचे. शेताच्या बांधावर पडला होता, लग्नात हळदीचं पाणी सांडलं, बाळाच्या हातात दिला होता. हे सगळं ऐकून झाल्यावर त्यांचा स्क्रू-ड्रायव्हर बरोबर त्या स्क्रूवर जायचा. मला वाटायचं, ही त्यांची बोलघेवडी सवय. आता कळतं की त्यांची तपासणी तिथूनच सुरू झालेली असायची. मिस्त्री गेले, मी वस्तू कुरिअरने आलेल्या किंवा फोनवरच्या फोटोंतून बघू लागलो, आणि हा प्रश्न माझ्या हातून कधी निसटला ते कळलं नाही. खोक्यातून आलेल्या कॅमेऱ्याला विचारायचं तरी काय.

आताशा विचारायला येतात ती बहुतेक विशी-बाविशीतली मुलं असतात. रोल महाग झालाय, धुऊन देणारे कमी झालेत, तरी त्यांना फिल्म हवी असते, आणि मला ती आवडतात. एक मुलगी हेलिओस ४४-२ घेऊन आली होती. ५८ मिलिमीटर, एफ २, जर्मन बायोटारवरून रशियात बेतलेली लेन्स. पूर्ण उघडली की मागची झाडं कडेने गोल गरगरतात. शास्त्राच्या नजरेने तो कडेचा दोष आहे, पण तिला त्यासाठीच ती हवी होती. नवी, गुळगुळीत लेन्स तिला नको होती. मी ती टॉर्चखाली धरली तेव्हा तिने विचारलं, "काका, वाईट आहे का?" आणि मला 'हो' किंवा 'नाही' यांपैकी एकही म्हणवेना. दोष कशाला म्हणायचं, हे काढायच्या फोटोवर ठरतं. कडेचा बुरशीचा एक धागा फोटोत सहसा दिसत नाही. प्रकाश समोरून आला तर थोडा पडदा आल्यासारखं वाटतं, एवढंच. मध्यावरची जाळी मात्र सगळ्या चित्राचा जीव काढून घेते. बाजार दोन्हींना एकच शब्द लावतो : 'फंगस आहे'. मीही तोच लावत होतो.

ऊन लेन्सला काय करतं, हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. पुण्यात जुन्या बाजारात एका रविवारी मला सुपर टाकुमार मिळाली होती, ५० मिलिमीटर, एफ १.४. काच कोऱ्या चहासारखी पिवळी. त्या काळी काही लेन्सच्या काचेत थोरियम घालत. काच प्रकाश जास्त वळवते, पण त्याच थोरियमच्या किरणोत्सर्गाने वर्षांमागून वर्षं पिवळी पडत जाते. यावरचं औषध म्हणजे ऊन, त्यातले अतिनील किरण. एप्रिल महिना होता, गच्चीवर आईच्या कुरडया वाळत होत्या. त्या परातीशेजारी मी ती लेन्स चांदीच्या कागदावर पालथी ठेवली. ऊन फिरलं की आई परात सरकवायची आणि बरोबर लेन्सही. पंधरा दिवसांत काच जवळजवळ पांढरी झाली. ती लेन्स मी आजही वापरतो आणि 'मी बरी केली' असं सांगतो. सरकवत कोण होतं, ते पहिल्यांदा इथेच लिहितोय.

मॅटमधला पहिला रोल मी रंकाळ्यावर काढला, बारा चौकोनी फ्रेम. धुऊन आल्यावर निगेटिव्ह उजेडाला धरली आणि खुर्चीत बसलो. चार काचांची साधी लेन्स, पण पाण्यावरची प्रत्येक सुरकुती वेगळी. मग फ्लॅश घेतला. सेलचा हिरवा क्षार व्हिनेगरच्या बोळ्याने पुसला, पत्र्या घासून चकचकीत केल्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या फ्लॅशला एकदम कामाला लावायचं नसतं. आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा थर विरलेला असतो, तो पुन्हा जमायला वेळ लागतो. चार सेल घातले, चालू केला. काहीच नाही. बंद केला, तासाभराने पुन्हा चालू केला. कितव्या खेपेला आठवत नाही, पण खोलीत एक बारीक शीळ उमटली, मुंगीच्या आवाजाएवढी, आणि हळूहळू चढत गेली. ती शीळ ज्याने लहानपणी लग्नाच्या मांडवात ऐकली आहे त्याला सांगायला नको. मागचा छोटा दिवा लागला. मी बटण दाबलं, भिंत पांढरी झाली आणि गरम धुळीचा वास सुटला. व्होल्टमीटर लावून बघितलं तर टोकावर २१४ व्होल्ट. नव्या कॅमेऱ्याला विष, पण मॅटच्या साध्या पत्रीला त्याचं काही नाही.

त्याच रात्री काकूंना फोन केला. फ्लॅश लागला हे सांगितलं, आणि मग मिस्त्रींचा प्रश्न विचारला. "काकू, कॅमेरा तांदळात घातला की पावसाळाभर तसाच राहायचा का?"

"तसाच कसा राहील?" त्या म्हणाल्या. "उघडीप पडली की गाद्या, पुस्तकं, लोणच्याच्या बरण्या, सगळंच बाहेर यायचं, त्यात हाही. पाठ उघडून तासभर ठेवायचा. तोंड सूर्याकडे नाही करायचं, ते ह्यांनी बजावलेलं. मग सगळ्या आकड्यांवर एकेकदा दाबायचं, पाचशेपासून एकपर्यंत. ह्यांचं म्हणणं, न दाबलं तर आखडतो. ह्यांच्या मागेही मी सोडलं नाही. एकावर ठेवला की जरा घरघरतो. बरं वाटतं ऐकायला."

"आणि पेंटॅक्स?"

"तो मुलाने पहिल्या पगारात आणलेला. चांगल्या केसमध्ये होता, म्हणून कपाटात ठेवला."

मी फोन ठेवला आणि बराच वेळ दिवा न लावता बसलो. बुरशीला ओल लागते, अंधार मानवतो आणि कुणी न हलवणं मानवतं. तांदळाने ओल घालवली नसेल. मी म्हणालो होतो ते त्या अर्थाने खरंच होतं, आणि मॅटच्या फोकसच्या चाकाशी मला पांढरी भुकटी सापडलीही. पण तांदळाचा डबा घरात रोज उघडतो. कपाटातला कॅमेरा विसरता येतो, तांदळातला विसरता येत नाही. दर वेळी भात करताना मापटं कॅमेऱ्याच्या मलमलीच्या गाठोड्याला लागत असणार, आणि बाहेर ऊन आहे का याकडे लक्ष जात असणार. इतकी वर्षं शटरचं तेल घट्ट होऊ दिलं नाही ते त्या बाईच्या अंगठ्याने, आणि ते मी वहीत तीन शब्दांत लिहिलं होतं, त्यात ती कुठेच नव्हती. दुसऱ्या दिवशी फोन करून मी काकूंना हे सगळं सांगितलं. मी चुकीचं बोललो, असंही सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "तुमचं ते निळं-गुलाबी पण घेऊन या येताना. ठाण्याला तांदूळ थोडा लागतो."

तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा गेलो. अंगणात वृंदावनाला अजून ऊस बांधलेला होता, चुन्यावर गेरूची बोटं ताजी होती. दिवस कलला होता. फ्लॅश हातात दिला तेव्हा काकूंनी तो वस्तू बघायला घेतात तसा घेतला नाही. अंगठा सरळ मागच्या बटणावर, वायर मनगटाला एक वेढा. मी बघतच राहिलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. हा फ्लॅश त्यांचा भाऊ कुवेतहून घेऊन आला होता, आणि लग्नांत तो त्याच धरायच्या. पंधरा फुटांची वायर, काका समोर मॅटमध्ये मान खाली घालून, आणि ह्या डाव्या अंगाला हात उंच करून, म्हणजे नवरीच्या नाकाची सावली गालावर पडते, मागच्या कनातीवर नाही. फ्लॅशला आपोआप प्रकाश मोजणारा डोळा होता, पण त्यावर काकांचा विश्वास नव्हता, आणि तो बरोबर होता. उघड्या अंगणातल्या मांडवात मागे काळोख. फ्लॅशला वाटतं प्रकाश कमी पडतोय, तो आणखी ओततो आणि नवरीचं तोंड पांढरं फटक होतं. म्हणून सगळं हाताने. शंभर एएसए वेगाच्या रोलला या फ्लॅशच्या ताकदीचा आकडा १२०. अंतराच्या फुटांनी त्याला भागायचं, येईल तो लेन्सचं तोंड किती उघडायचं त्याचा आकडा.

"पंधरा आठे एकशेवीस," काकू म्हणाल्या. "पंधरा फुटांवर आठ. अकरावर अकरा. साडेसातवर सोळा. एकवीसवर पाच पॉइंट सहा. ह्यांना कुठे मोजायला वेळ? मी आकडा सांगायची, हे फिरवायचे."

हे अंतर कॅमेऱ्यापासून धरायचं नसतं, फ्लॅशपासून धरायचं असतं. पुस्तकात पहिल्याच पानावर असतं ते, मीही शेकडो वेळा लोकांना सांगितलंय. म्हणजे त्या गावांतल्या त्या सगळ्या लग्नांत, प्रत्येक फ्रेमला उजेड किती घ्यायचा हे फ्लॅश धरणाऱ्या बाईने ठरवलं होतं. अल्बमवर स्टुडिओचं नाव, शिक्क्यात काकांचं. मी खिशातली वही काढली, ती रेघ असलेलं पान शोधलं, आणि काकूंच्या देखत ते फाडलं. त्या काही बोलल्या नाहीत. शीळ चढायला लागली होती.

मी मॅटची वायर जोडली, नवा रोल पुढे घेतला आणि मान खाली घातली. काचेत अंगण उलटसुलट दिसत होतं, डावीकडचं उजवीकडे. वृंदावन, ऊस, वाळलेली झेंडूची माळ. काकू उजवीकडून चौकटीच्या कडेला आल्या, चपला काढल्या, वृंदावनापासून टाचेला अंगठा लावत मागे मागे गेल्या. मग थांबल्या. हात वर गेला, मनगट थोडं आत वळलं. मागचा दिवा लागला.

"अकरा," त्या म्हणाल्या.

मी चाक फिरवलं.